मार्जारकिशोर-न्याय आणि दारातले पिलू

कीर्तनात शरणागतीचे निरूपण निघाले म्हणजे दोन दृष्टांत ठरलेले असतात. एक माकडीच्या पिलाचा आणि दुसरा मांजरीच्या पिलाचा. माकडीचे पिलू आईच्या पोटाला घट्ट मिठी मारून बसते. आई या फांदीवरून त्या फांदीवर उडी घेते, तेव्हा पिलाचे हात सुटले की संपले. मांजरीचे पिलू मात्र काहीच धरीत नाही. आईने मानेशी तोंडात धरले की ते अंग सैल सोडते, पाय पोटाशी घेते आणि ती नेईल तिकडे जाते. शास्त्रकारांनी यांस मर्कटकिशोर-न्याय आणि मार्जारकिशोर-न्याय अशी नावे दिली आहेत. दक्षिणेत श्रीवैष्णव संप्रदायात यावरून दोन पक्षच झाले. वेदान्तदेशिकांना (इ. स. १२६८ ते १३६९) मानणारा वडकलै पक्ष म्हणतो की जिवाने आपल्याकडून काही तरी धरले पाहिजे. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारा तेंकलै पक्ष म्हणतो की धरणारा देवच, जिवाने फक्त आड येऊ नये.

विठ्ठलाला माउली म्हणणारे आपण लोक दुसऱ्या दृष्टांताकडे सहज झुकतो. पिलाने म्यांव करावे आणि आईने धावत यावे, एवढे सांगितले की श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येते. हा झाला दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताने सांगायची गोष्ट. आज आम्हांस दृष्टांताकडेच पाहावयाचे आहे. ज्या पिलाचे नाव घेऊन आम्ही व्यासपीठावर शरणागती शिकवतो, ते पिलू खरोखरच पावसात कुडकुडत आपल्या दारात आले तर आपण काय करतो?

प्रश्न साधा आहे, पण पावसाळ्यात तो घरोघर उभा राहतो. सरपणाच्या ढिगात, कडब्याच्या गंजीखाली, गोठ्याच्या माळ्यावर, शहरात पाण्याच्या टाकीमागे किंवा उभ्या मोटारीखाली ही पिले सापडतात. कोणी त्यांना उचलून आणतो, बशीत गाईचे दूध ठेवतो आणि चौथ्या दिवशी पिलू मरते. मग म्हणतात, "त्याचे आयुष्यच तेवढे होते." बाबांनो, आयुष्य किती ते देवाला ठाऊक, पण पुष्कळदा त्या पिलाला आपल्या अजाण दयेनेच मारलेले असते. दया हवीच, पण ती डोळस हवी. या पाठात एवढेच सांगावयाचे आहे.

आधी पाहावे, मग उचलावे

पहिली गोष्ट ही की एकटे दिसलेले पिलू पोरके असतेच असे नाही. मांजरीला स्वतःचे पोट भरल्याशिवाय दूध येत नाही. ती पिलांना आडोशाला ठेवून शिकारीला जाते आणि कधी कधी काही तासांनी परतते. जागा धोक्याची वाटली तर एकेक पिलू तोंडात धरून दुसरीकडे नेते. त्या फेऱ्यांच्या मध्ये आपण तिथे पोचलो, तर आपल्याला एकच पिलू दिसते आणि आपण म्हणतो, "अरेरे, टाकून दिले!" टाकलेले नसते. आई दुसऱ्याला पोचवून येतच असते.

म्हणून लांब उभे राहून पाहावे. पिलू स्वच्छ असेल, पोट भरलेले दिसत असेल आणि ते शांत झोपले असेल, तर त्याची आई जवळपास आहे असे समजावे. आपण तिथेच घुटमळत राहिलो तर ती भिऊन येत नाही, यासाठी दूर जावे. आपल्याला थांबणे शक्य नसेल तर पिलाभोवती थोडे पीठ भुरभुरावे. काही तासांनी येऊन पाहिले की त्या पिठात मांजरीच्या पावलांचे ठसे उमटले की नाही ते कळते. खेड्यातल्या कोणत्याही आजीला ही युक्ती पटेल. माणसाचा हात लागला की आई पिलाला घेत नाही, ही समजूत मात्र खरी नाही.

पाऊस, कुत्री, रहदारी किंवा मुंग्या यांचा धोका असेल तर वाट पाहत बसू नये. अशा वेळी पिलू चार पावलांवर कोरड्या, आडोशाच्या जागी ठेवावे, म्हणजे आईला त्याचा आवाज ऐकू जाईल. पिलू मळलेले, हाडे लागलेले असेल, सारखे ओरडत असेल किंवा ओरडून ओरडून आता गप्प पडले असेल, तर मात्र ते आपल्यावर आले असे समजावे.

वारीच्या वाटेवर हा विवेक विशेष हवा. आळंदीहून निघालेली दिंडी लोणंदला मुक्कामाला असते. कोणाला पिलू दिसते, तो ते पिशवीत घालतो आणि फलटणला गेल्यावर सांभाळणे होत नाही म्हणून सोडून देतो. हेतू चांगला असतो, परंतु आईपासून त्या पिलाची कायमची ताटातूट होते. वाटेत पिलू दिसले तर त्याच गावातल्या माणसाच्या कानावर घालावे. ते गाव तिथेच राहणार आहे; आपण पुढे जाणार आहोत.

पिलाचे वय कसे ओळखावे

पिलाचे काय करावयाचे ते त्याच्या वयावर अवलंबून असते. जन्मतः त्याचे वजन साधारण १०० ग्रॅम असते, डोळे मिटलेले आणि कान डोक्याला चिकटलेले असतात. नाळेचा वाळका तुकडा दिसत असेल तर ते अवघे तीन-चार दिवसांचे आहे. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान डोळे उघडतात. त्या वेळी सगळ्याच पिलांचे डोळे निळसर असतात. तिसऱ्या आठवड्यात ते लटपटत चालू लागते आणि दुधाचे दात दिसतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते बशीतले मऊ अन्न चाखू लागते. त्या वेळी त्याचे वजन सुमारे ४०० ग्रॅम असावे. आठ आठवड्यांनी ते आईच्या दुधावाचून राहू शकते.

डोळे न उघडलेले पिलू आणि अंगणात पळणारे पिलू यांना एकाच मापाने वाढणे म्हणजे तान्ह्या बाळाला भाकरी देण्यासारखे आहे.

आधी ऊब, मग अन्न

पिलू हाती आल्यावर बहुतेक लोक प्रथम दुधाची वाटी शोधतात. येथेच चुकते. तान्ह्या पिलाला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या काही दिवसांत त्याला धड कापताही येत नाही. गार पडलेल्या पिलाचे आतडे काम करीत नाही, त्यामुळे पोटात गेलेले दूध पचत नाही आणि ते दगावते. तोंडात करंगळी घालून पाहावी. तोंड आतून गार लागले तर काहीही पाजू नये.

लहानसे खोके घ्यावे, त्यात मऊ जुने लुगडे किंवा पंचा घालावा. बाटलीत गरम पाणी भरून ती कापडात गुंडाळावी आणि खोक्याच्या एका बाजूस ठेवावी. एका बाजूस अशासाठी की फार गरम झाले तर पिलाला दूर सरकता यावे. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. ऊब हळूहळू, तासाभरात यावी. अंगावर घाण असली तरी पिलाला आंघोळ घालू नये; कोमट ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. सोवळ्या-ओवळ्याचा विचार नंतर करू. गारठलेल्या जिवावर आधी पाणी ओतणे ही शुद्धी नव्हे.

आता दूध. गाईचे दूध वासरासाठी आहे. त्यातली दुग्धशर्करा मांजरीच्या पिलाला नीट पचत नाही, जुलाब लागतात आणि तेवढ्या लहान अंगातले पाणी जुलाबाने गेले की पिलू उरत नाही. पशुवैद्याकडे किंवा पाळीव प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मांजरीच्या पिलांसाठी बनवलेली दूधपावडर मिळते, तीच आणावी. जवळपास दुसरी दूध पाजणारी मांजरी असेल तर ती कित्येकदा परके पिलूही पोटाशी घेते. तिच्यासारखी धाय दुसरी नाही.

दूध लहान बाटलीने किंवा सुई काढलेल्या पिचकारीने, कोमट करून, थेंबाथेंबाने पाजावे. पिलाला माणसाच्या बाळासारखे उताणे धरू नये, दूध फुप्फुसात जाते. ते पोटावर पालथे असावे आणि मान किंचित वर असावी, जसे ते आईला पिते तसे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. एका वेळेचे माप चहाच्या चमच्याहून कमीच असते. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी आणि पुढे चार-सहा तासांनी पाजावे. रोज १० ते १५ ग्रॅम वजन वाढत असेल तर सर्व ठीक चालले आहे. किराणा दुकानातला काटाही या कामाला चालतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिलाला आपणहून लघवी किंवा शौच करता येत नाही. आई चाटते तेव्हा ते होते. म्हणून प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्या जागी हलकेच पुसावे. हे करायला कोणाला कमीपणा वाटत असेल तर त्याने थोडा विचार करावा. आपण ज्याला माउली म्हणतो, त्या शब्दात हेही काम येते.

माळकऱ्याची अडचण

येथवर कोणाचा मतभेद असणार नाही. खरी कसोटी चौथ्या आठवड्यानंतर लागते.

एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध बाई पुढे आल्या. म्हणाल्या, "महाराज, आमच्या घरात चार पिढ्यांची माळ आहे. नातवाने मांजराचं पिल्लू आणलंय. दूध-भात घालते, पण ते रोडावत चाललंय. शेजारीण म्हणते, मासळी घाला. मी कशी घालू?"

आम्ही विचारले, "माउली, माळ कोणाच्या गळ्यात आहे? तुमच्या की पिलाच्या?"

त्या हसल्या, पण त्यांची शंका हसून सोडण्यासारखी नव्हती. तुळशीची माळ घातलेल्या मनुष्याने मद्यमांस वर्ज्य केलेले असते आणि तो नेम आपल्या पंथाचा पाया आहे. तेव्हा ही शंका शास्त्ररीतीने, पूर्वपक्ष मांडूनच सोडवली पाहिजे.

पूर्वपक्ष असा : दूध-भात, तूप-पोळी हे सात्त्विक अन्न आहे. वारकऱ्याच्या घरात आलेल्या जिवाने वारकऱ्याचे अन्न खावे. कित्येक घरांतली मांजरे दूध-भातावर राहतातच की.

उत्तर असे : ती राहतात, कारण ती घराबाहेर उंदीर, पाली, पाखरे मारून खातात. आपण दूध-भात वाढतो आणि पोषण त्यांना शिकारीतून मिळते. घरात कोंडलेल्या किंवा शिकार न येणाऱ्या पिलाला दूध-भातच दिला तर ते आतून पोखरले जाते. टॉरीन नावाचे एक द्रव्य मांजराच्या शरीराला लागते. ते मांसात आणि मासळीत असते, धान्यात किंवा भाजीत नसते, आणि मांजराच्या शरीराला ते पुरेसे बनवता येत नाही. ते न मिळाल्याने मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजून आंधळेपण येते हे शास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखवून दिले. त्याच उणिवेने हृदय सैल होऊन फुगते हे १९८७ साली दाखवले. माणूस गाजर खातो तेव्हा त्यातून त्याला अ जीवनसत्त्व मिळते. मांजराला तेही साधत नाही, त्याला ते प्राणिज अन्नातूनच घ्यावे लागते. कुत्रा काळजीने दिलेल्या शाकाहारावर राहू शकतो, पण मांजराचे शरीर घरच्या वरणभातावर चालणारे नाही.

हे केवळ आजचे शास्त्र म्हणते असे नाही. आमच्या गुरुजींनी लहानपणी अमरकोश पाठ करून घेतला. त्यात मांजराची जी नावे आहेत, त्यांतले एक मार्जार. मृज् म्हणजे स्वच्छ करणे. अंग सतत चाटून पुसणारा तो मार्जार. आणि दुसरे एक नाव आहे आखुभुक्. आखु म्हणजे उंदीर आणि भुक् म्हणजे खाणारा. कोशकाराने मांजराची ओळखच त्याच्या आहाराने सांगितली आहे. तो त्याचा दोष म्हणून नव्हे, त्याचे लक्षण म्हणून.

हितोपदेशात दीर्घकर्ण नावाच्या मांजराची गोष्ट आहे. तो झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या जरद्गव नावाच्या म्हाताऱ्या गिधाडाला सांगतो की मी नित्य स्नान करतो, मांस खात नाही, चांद्रायण व्रत करतो. गिधाड विश्वास ठेवते आणि मांजर पाखरांची पिले फस्त करते. मनुस्मृतीत ढोंगी मनुष्याला बैडालव्रतिक, म्हणजे मांजराचे व्रत करणारा, असे नावच आहे. तमिळनाडूत महाबलीपुरम् येथे सातव्या शतकातले मोठे शिल्प आहे, त्यात एक मांजर पंजे वर करून तपाला उभे आहे आणि भोवती उंदीर आहेत. या सर्वांचा विनोद कशावर आहे? मांजराने व्रत घ्यावे हे त्याच्या स्वभावाला धरून नाही, यावर. मग जे दीर्घकर्णाने ढोंगाने केले ते आपण बिचाऱ्या पिलाकडून जबरीने करवून घ्यावे काय? व्रत स्वतःच्या इच्छेने घ्यावयाचे असते. दुसऱ्यावर लादलेले व्रत म्हणजे उपासमार.

नाथमहाराजांची गोष्ट आपण सर्व जाणतो. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. या कथेत एक बारीक गोष्ट आहे. नाथांनी गाढवाला तीर्थ म्हणून पळीभर दिले नाही. त्याला जे हवे होते आणि जेवढे हवे होते, ते दिले. गाढवात देव पाहिला, पण गाढवाची तहान गाढवाचीच राहू दिली. भूतदयेचे मर्म आम्हांस येथे दिसते. सर्वांभूती देव पाहणे म्हणजे सर्वांना आपल्यासारखे करणे नव्हे. प्रत्येकाला त्याच्या स्वभावाने जगू देणे होय.

मग करावे काय?

माळकऱ्यापुढे तीन मार्ग आहेत आणि तिन्ही निर्दोष आहेत.

पहिला मार्ग असा की मांजरासाठी तयार केलेले खाद्य पाकिटातून मिळते, ते आणावे. पाकिटावर ते पिलांसाठी आहे आणि पूर्ण आहार आहे असे लिहिलेले पाहून घ्यावे. त्यात टॉरीन घातलेले असते. घरात काही शिजवावे लागत नाही. त्याची वाटी वेगळी ठेवावी, ओटीवर किंवा परसात वाढावे, हात धुवावे. चूल आणि देवघर यांना त्याचा संबंध येत नाही.

दुसरा मार्ग असा की शेजारी-पाजारी ज्यांच्या घरात मासळी येते, त्यांना पिलाच्या वाट्याचे देण्यास सांगावे. गावात असे घर असतेच, आणि त्याच्याशी बोलण्याने आपला नेम मोडत नाही.

तिसरा मार्ग असा की मनाला हे दोन्ही पटत नसेल तर पिलू लवकरात लवकर योग्य घरी द्यावे. पण देईपर्यंत उपाशी ठेवू नये.

कोणी म्हणेल, "महाराज, पाकिटातले अन्नही कोणाचा तरी जीव घेऊनच आलेले असते." खरे आहे; आम्ही ते नाकारीत नाही. एक जीव दुसऱ्या जिवाच्या आधारे जगतो हा सृष्टिक्रम भागवतातही सांगितला आहे आणि तो आपल्या सोयीने बदलता येत नाही. धान्याच्या कणगीपाशी मांजर असावे असे माळकरी शेतकऱ्यालाही वाटते; तिथे ते उंदीर मारते तेव्हा आपण त्याला पापी म्हणत नाही. मग आपल्याला उपयोग होतो तेव्हा त्याचा आहार चालतो आणि आपल्याला खर्च येतो तेव्हा चालत नाही, असे कसे? ज्याला हा भार मनावर घेणे जमत नाही, त्याने तिसरा मार्ग धरावा. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो पिलाला दूध-भातावर झिजवून त्याला सात्त्विकपणा म्हणण्यात.

पोत्यातला अधर्म

आता एक कटू गोष्ट. मांजर फार झाली की ती पोत्यात घालून वेशीबाहेर, नदीकाठी किंवा बाजाराच्या गावी सोडून यायची चाल आपल्याकडे आहे. "मारले तर नाही ना, सोडून दिले," असे समाधान करून घेतात. अनोळखी जागी टाकलेल्या घरच्या मांजराला ना अन्न ठाऊक ना आडोसा; आणि पिले असली तर ती एक रात्रही काढत नाहीत. १९६० च्या प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, ज्याने उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा अपराध आहे. १९७६ साली घटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली, त्यांतही प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे एक कर्तव्य आहे. पण आपल्याला कायद्याने हे शिकवावे लागावे काय?

मांजरे वाढू नयेत यासाठी उपाय एकच, शस्त्रक्रिया. मांजरी चार-पाच महिन्यांची होताच गाभण राहू शकते. सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदाही विते. एका वेळेस तीन-चार पिले धरली तरी हिशेब वाचकांनी करावा. त्यांतली बहुतेक पावसात, रस्त्यावर आणि रोगाने मरतात. कोणी शंका घेतात की ही शस्त्रक्रिया निसर्गाच्या विरुद्ध नाही काय? आत्ताच स्वभावाने जगू द्या म्हणालात ना? याचे उत्तर असे की मांजर घराच्या आश्रयाला आले तेव्हाच त्याची जबाबदारी आपल्याकडे आली. जन्माला येऊन तडफडणाऱ्या दहा पिलांपेक्षा, जी आली आहेत त्यांचे पोट भरणे हे दयेला अधिक धरून आहे. पशुवैद्य भूल देऊन ही शस्त्रक्रिया करतात आणि मांजर थोड्या दिवसांत हिंडू-फिरू लागते.

काही सावधानता

पिलू घरात घेतल्यावर पशुवैद्याला दाखवावे. जंताचे औषध आणि लसी त्यांच्या सल्ल्याने द्याव्या. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या पिलाला देतात. माणसाची औषधे मांजराला कधीही देऊ नयेत. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. पिसवांसाठी कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये, त्यातल्या काही औषधांनी मांजर दगावते. फरशी पुसायचे फिनेल, कपड्यांतल्या डांबरगोळ्या, कांदा आणि लसूण हे सर्व मांजराला विष आहे. शहरातल्या मंडळींनी पावसाळ्यात मोटार सुरू करण्यापूर्वी पुढच्या झाकणावर दोन थापा माराव्या. ऊब शोधत पिले आत यंत्राशी जाऊन बसतात.

पिलाला उचलताना एक हात छातीखाली आणि एक हात मागच्या पायांखाली धरावा. नुसते मानेला धरून लोंबकळवू नये. ती कला आईची, आपली नव्हे. पिलाने चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लसीचे विचारावे. जखमेवर हळद, चुना किंवा मिरची चोपडू नये. घरात गरोदर बाई असेल तर तिने मांजराची घाण काढू नये, ते काम दुसऱ्याने करावे.

आणि मांजर आडवे गेले म्हणून काम अडते ही समजूत तर वारकऱ्याने धरूच नये. वारीला निघालेला मनुष्य मांजर आडवे गेले म्हणून परत फिरल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. मग लग्नाच्या बोलणीला निघालेल्याने का फिरावे? ते बिचारे आपल्या पोटामागे चाललेले असते; त्याला तुमच्या कामाची वार्ताही नसते.

सारांश

मार्जारकिशोर-न्यायात पिलाकडे एकच साधन आहे, हाक मारणे. बाकी सर्व आईने करावयाचे असते. व्यासपीठावरून आम्ही सांगतो की जीव हे पिलू आणि देव ही आई. परंतु जेव्हा खरे पिलू हाक मारते आणि त्याची खरी आई येऊ शकत नाही, तेव्हा ती हाक कोणाच्या तरी कानावर पडतेच. ज्याच्या कानावर पडली, त्याला देवाने त्या घटकेपुरते आपल्या कामाला लावले असे आम्ही समजतो. त्या कामात मोठे ज्ञान लागत नाही. लागतात ती एक खोके, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, रात्री दोन-तीनदा उठण्याची तयारी, आणि आपला नेम आपल्याजवळ ठेवून दुसऱ्याची भूक त्याच्या रीतीने ओळखण्याची बुद्धी.

या चातुर्मासात कोणी एक वेळ जेवण्याचा नेम करील, कोणी पारायणाचा करील, आणि ते करावेच. त्याबरोबर ज्यांच्या दारी असा जीव येईल त्यांनी एवढा नेम करावा : आई आहे की नाही हे पाहिल्याशिवाय उचलणार नाही, ऊब दिल्याशिवाय पाजणार नाही, त्याच्या स्वभावाचे अन्न नाकारणार नाही आणि पोत्यात घालून सोडणार नाही. हा नेम पाळला गेला तर पुढच्या कीर्तनात मांजरीच्या पिलाचा दृष्टांत ऐकताना श्रोत्यांना तो नुसता शब्द वाटणार नाही; त्यांना त्याचे वजन हातात आठवेल.

रामकृष्ण हरि.